नाताळाचा इतिहास आणि आमची संक्रांत

नाताळाचे दिवस जवळ आले की आमच्या शहरांतून तीन प्रकारचे बोल ऐकू येऊ लागतात. पहिला पक्ष म्हणतो, हा परक्यांचा सण; त्याचे वारेही आपल्या मुलांस लागू देऊ नये. दुसरा पक्ष म्हणतो, सण कोणाचा याच्याशी आम्हांस काय कर्तव्य आहे? दिवे लागले, दुकाने सजली, चार घटका मौज झाली म्हणजे झाले. तिसरा पक्ष थोडेबहुत वाचलेल्यांचा आहे. तो मोठ्या ऐटीने सांगतो की, हा सण मुळी ख्रिस्त्यांचाही नव्हे; तो रोमन लोकांचा सूर्योत्सव असून पाद्र्यांनी तो चोरला, सबब त्यात काही तथ्य नाही. या तिन्ही पक्षांत वरवर कितीही विरोध दिसला तरी एक समजूत तिघांचीही सारखीच आहे. ती ही की, सण म्हणजे एकदा कोठे तरी, कोणी तरी कायमचा घडवून ठेवलेली वस्तू. पुढच्यांनी ती पाळावी, टाकावी किंवा उघडी पाडावी, याहून अधिक त्यांच्या हाती काही नाही. ही समजूत खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचा नाताळाइतका स्पष्ट पुरावा दुसऱ्या सणाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. म्हणून तो इतिहास आज वाचकांपुढे थोड्या विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे. परधर्माची स्तुती अथवा निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. दुसऱ्याच्या घरात रूढी कशा जन्मास आल्या, कशा मोडल्या आणि कशा नव्याने घडल्या हे पाहिले म्हणजे स्वतःच्या घरातील रूढींकडे पाहण्याची दृष्टी निवळते, एवढाच आमचा मतलब आहे.

प्रथम निसर्गाची बाजू पाहू. उत्तर गोलार्धात डिसेंबरच्या २१ किंवा २२ तारखेस दिवस सर्वांत लहान व रात्र सर्वांत मोठी असते. आमच्या मुंबईस त्या दिवशीही सुमारे अकरा तास उजेड मिळतो. त्यामुळे या घटनेचे महत्त्व आमच्या सहसा ध्यानात येत नाही. परंतु लंडन शहरी तोच दिवस आठ तासांहूनही कमी भरतो, आणि नॉर्वे व स्वीडन या देशांच्या उत्तर टोकास सूर्य कित्येक आठवडे क्षितिजावर येतच नाही. अशा मुलखात, आता रात्र वाढावयाची थांबली, उद्यापासून दिवस तिळातिळाने वाढणार, ही वार्ता केवढ्या आनंदाची असेल! त्यात पोटाचाही हिशेब आहे. या सुमारास पीक घरात आलेले असते व शेताचे काम बंद असते. सर्व जनावरांस वसंतापर्यंत पुरेल इतकी वैरण पूर्वी नसे. म्हणून जी पोसता येण्याजोगी नसत ती मारली जात, आणि वर्षातून याच वेळी ताजे मांस गरिबाच्याही ताटात पडे. जवाची नवी दारूही याच दिवसांत तयार होई. कोठार भरलेले, हात रिकामे आणि बाहेर दीर्घ अंधार अशी स्थिती असता माणसांनी शेकोटीभोवती जमून खाणेपिणे केले नसते तरच नवल.

म्हणून मध्यहिवाळ्याचे उत्सव अनेक देशांत स्वतंत्रपणे आढळतात. इराणात वर्षातील सर्वांत मोठ्या रात्रीस ‘यल्दा’ म्हणतात. त्या रात्री कुटुंबातील मंडळी वडीलधाऱ्यांच्या घरी जमतात, डाळिंबे व कलिंगडे फोडतात, हाफिज कवीची कविता वाचतात आणि उशिरापर्यंत जागतात. ‘यल्दा’ हा शब्द सीरियाक भाषेतला असून त्याचा अर्थ ‘जन्म’ असा आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होईल. चीन देशात याच दिवशी तांदळाच्या पिठाच्या गोळ्या करून घरच्यांसह खाण्याची चाल आहे. प्राचीन रोमन लोक १७ डिसेंबरपासून सॅटर्न देवाचा उत्सव करीत. तो पुढे वाढत जाऊन आठवडाभर चाले. त्या दिवसांत कचेऱ्या व शाळा बंद असत, लोक एकमेकांस मेणबत्त्या व मातीच्या बाहुल्या भेट देत, एरवी निषिद्ध असलेला जुगार उघडपणे चाले आणि धनी आपल्या गुलामांबरोबर जेवीत, कित्येक ठिकाणी त्यांस वाढीतही. या शेवटच्या चालीचे पुष्कळांनी कौतुक केले आहे. आम्हांस ते करवत नाही. आठ दिवस पंक्तीस बसविलेला गुलाम नवव्या दिवशी पुन्हा गुलामच राही. त्या सणाने त्याची बेडी तोडली नाही, घटकाभर सैल केली एवढेच. जी समता सणापुरती असते ती पुष्कळदा विषमतेचे आयुष्य वाढविण्याच्याच कामी येते, ही गोष्ट आम्ही पुढे घरच्या उदाहरणाच्या वेळी पुन्हा काढणार आहो.

आता ख्रिस्तजन्माच्या तिथीकडे वळू. ख्रिस्ताच्या जन्माची कथा मत्तय व लूक या दोन शुभवर्तमानांत आहे. पण दोहोंतही दिवस नाही, महिना नाही, ऋतूचाही स्पष्ट निर्देश नाही. मेंढपाळ रात्री रानात कळप राखीत होते एवढेच लूक सांगतो. आरंभीच्या दोन-तीन शतकांतील ख्रिस्त्यांस या तिथीची फारशी गरजही भासली नाही. त्यांचा मुख्य सण पुनरुत्थानाचा. इ. स. २००च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा पंडित क्लेमेंट लिहून ठेवतो की, कोणी हा जन्म मे महिन्यात मानतात, कोणी एप्रिलात. त्याच्या मागून आलेला ऑरिजेन तर जन्मदिवस साजरे करण्याच्याच विरुद्ध होता. शास्त्रात वाढदिवस केल्याचे आढळते ते फेरो व हेरोद अशा पापी राजांनी, असे त्याचे म्हणणे. तात्पर्य, आज जगातील सर्वांत मोठ्या उत्सवांपैकी एक असलेला हा सण त्या धर्माच्या पहिल्या आचार्यांस ठाऊक नव्हता, आणि ऑरिजेनसारख्यास तो सांगितला असता तर रुचलाही नसता.

२५ डिसेंबरचा पहिला निश्चित दाखला रोम शहरातील इ. स. ३५४च्या एका पंचांगवजा ग्रंथात मिळतो. त्यातील हुतात्म्यांची यादी ३३६च्या सुमाराची असावी असे विद्वान मानतात, आणि तिच्या आरंभी या दिवशी ख्रिस्त बेथलेहेमात जन्मला अशी नोंद आहे. त्याच ग्रंथातील दुसऱ्या एका यादीत याच तारखेस ‘अजिंक्याचा जन्मदिवस’ म्हटले असून त्या दिवशी रथांच्या तीस शर्यती लावाव्या असे नमूद आहे. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव. २७४ साली ऑरेलियन बादशहाने त्याचे मोठे देऊळ रोमात बांधविले होते. ही जोडनोंद पाहून पुष्कळांनी सूर्याचा सण ख्रिस्त्यांनी उचलला असा निकाल दिला. परंतु दुसराही एक विचार आहे व तोही बळकट आहे. ख्रिस्ताचे गर्भधारण आणि मरण ही एकाच तिथीस झाली असली पाहिजेत अशी त्या काळच्या धर्मपंडितांची भावना होती. पश्चिमेकडे ती तिथी २५ मार्च धरीत. तीत नऊ महिने मिळविले की २५ डिसेंबर येतो. पूर्वेकडे ती ६ एप्रिल धरीत. तेथून नऊ महिन्यांनी ६ जानेवारी येतो, आणि आर्मेनियन ख्रिस्ती मंडळी आजही ६ जानेवारीसच जन्मोत्सव करतात. या दोन मतांत पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. पण वाद कसाही सुटो, तिथी आकाशातून पडली नाही. ती माणसांनी हिशेब करून किंवा शेजाऱ्याकडे पाहून ठरविली, एवढे दोन्ही पक्षांस कबूल आहे.

ख्रिस्ती धर्म उत्तरेकडे पसरला तेव्हाही हेच झाले. ६०१ साली पोप पहिला ग्रेगरी याने इंग्लंडास निघालेल्या मेलिटस नावाच्या धर्मोपदेशकास पत्र पाठविले. त्या लोकांची देवळे पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढून ती शुद्ध करून वापरा. ते देवांस बैल बळी देतात, तर सणाच्या दिवशी तेच बैल मारून ईश्वराचे आभार मानीत जेवू द्या, असा त्या पत्राचा आशय आहे. बीड नावाच्या इंग्रज साधूने आठव्या शतकात लिहून ठेवले आहे की, आपले पूर्वज २५ डिसेंबरपासूनच वर्ष धरीत व त्या रात्रीस ‘मातांची रात्र’ म्हणत. नॉर्वेत मध्यहिवाळ्याचा ‘यूल’ नावाचा उत्सव होता. दहाव्या शतकातील हाकोन राजाने तो ख्रिस्तजन्माच्या तिथीवर आणून ठेवला आणि प्रत्येकाने ठरावीक मापाची दारू गाळून ती संपेपर्यंत सण पाळावा असा नियम केला, असे तेथील बखर सांगते. जुना सण गेला नाही व नवाही जसाच्या तसा आला नाही. दोहोंचे मिळून तिसरेच काही झाले. इतिहासात संस्कृतीची देवघेव बहुधा अशीच होते. तिला चोरी म्हणणे म्हणजे सुनेने माहेरची भाजी सासरी शिजविली म्हणून तिच्यावर फिर्याद करण्यासारखे आहे.

परंतु या सणाच्या चरित्रातील सर्वांत बोधप्रद प्रकरण पुढेच आहे. सतराव्या शतकात इंग्लंडात प्युरिटन पंथाचे लोक प्रबळ झाले. हे कडवे ख्रिस्ती. आणि ख्रिस्ती म्हणूनच त्यांनी नाताळावर हत्यार उपसले. शास्त्रात ज्याची आज्ञा नाही असा सण पाळावयाचा कशास, आणि त्या निमित्ताने लोक पितात, जुगार खेळतात, धिंगाणा घालतात तो कोणत्या धर्मात बसतो, असा त्यांचा सवाल होता. जून १६४७ मध्ये पार्लमेंटाने नाताळ व इतर सण रद्द करण्याचा ठराव केला. २५ डिसेंबरास दुकाने उघडी ठेवावी व बाजार भरवावा, असा अधिकाऱ्यांचा आग्रह पडला. कँटरबरी शहरात मेयरच्या सांगण्यावरून काही थोड्या दुकानदारांनी त्या दिवशी फळ्या काढल्या. लोक खवळले, दुकानांतील माल रस्त्यावर फेकला गेला आणि मोठा दंगा माजला. आमच्या व्यापारी वाचकांस त्या बिचाऱ्या दुकानदारांची स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही. फळी काढावी तर जमाव मारतो, न काढावी तर सरकार पुसते! १६६०मध्ये राजसत्ता परतली तेव्हा सणही परतला. अटलांटिकपलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये तर १६५९ साली नाताळ पाळणारास पाच शिलिंग दंडाचा कायदा झाला. तो १६८१पर्यंत टिकला. स्कॉटलंडात या सणाचा दिवस सार्वजनिक सुटीचा झाला तो १९५८ साली. म्हणजे ज्या गोऱ्या साहेबाकडून आम्ही नाताळ पाहिला, त्याच्याच देशात तो एकेकाळी गुन्हा होता!

प्युरिटनांच्या तक्रारीत काहीच तथ्य नव्हते असे मात्र आम्ही म्हणणार नाही. त्या काळचा नाताळ मुलांचा वा घरचा सण नव्हता. मुखवटे घालून टोळ्या हिंडत, श्रीमंताच्या दारी जाऊन खाणेपिणे मागत आणि न मिळाल्यास शिवीगाळही करीत. आमच्याकडील जुन्या शिमग्याचे ज्यांस स्मरण आहे त्यांस हे चित्र सहज डोळ्यांपुढे आणता येईल. रोग प्युरिटनांनी बरोबर ओळखला, उपाय मात्र चुकला. सण मोडून दारू सुटली नाही. पुढे दीडशे-दोनशे वर्षांनी दुसऱ्या लोकांनी सण राहू दिला व त्याच्या आतला माल बदलला, तेव्हा हा धिंगाणा कमी झाला. सुधारणेच्या कामात पडणारांनी या दोन मार्गांतील अंतर नीट पाहून ठेवावे.

हा बदल एकोणिसाव्या शतकात झाला आणि तो करणारे राजेही नव्हते, पोपही नव्हते. ते लेखक, चित्रकार, छापखानेवाले व व्यापारी होते. १८२३ साली न्यूयॉर्क संस्थानातील ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात संत निकोलसाच्या भेटीवर एक निनावी कविता छापली गेली आणि रात्री मुलांसाठी खेळणी आणणारा हसरा म्हातारा घरोघर पोचला. थॉमस नास्ट या चित्रकाराने १८६३पासून त्यास दाढी, पोट व पोशाख दिला. सजविलेल्या सुचिपर्णी वृक्षाची चाल जर्मन मुलखातली. स्ट्रासबुर्ग येथे १६०५ साली तिची नोंद आहे. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र पत्राने राणी व्हिक्टोरिया आणि तिचा जर्मन पती आल्बर्ट झाडाभोवती मुलांसह उभी असल्याचे चित्र छापले, आणि मध्यम स्थितीच्या घरांतूनही झाड आले. शुभेच्छापत्राचा जन्म १८४३चा. हेन्री कोल नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने एका चित्रकाराकडून ते काढवून घेतले व सुमारे हजार प्रती एक शिलिंगास एक याप्रमाणे विकावयास ठेवल्या. त्या चित्राच्या दोन्ही बाजूंस भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देण्याचा देखावा होता. मध्यभागी मात्र घरची मंडळी मद्य पीत असून एका लहान मुलाच्या तोंडासही पेला लावलेला होता. मद्यपाननिषेधकांनी त्यावर ओरड केली, आणि आमच्या मते ती रास्त होती.

त्याच १८४३च्या डिसेंबरात चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ प्रसिद्ध झाले आणि पाचसहा दिवसांत सहा हजार प्रती खपल्या. हे पुस्तक केवळ करमणुकीसाठी लिहिलेले नव्हे. त्या वर्षीच डिकन्सने खाणी व कारखाने यांतून राबणाऱ्या मुलांविषयीचा सरकारी चौकशीचा अहवाल वाचला होता. त्यावर निबंध लिहावा असे प्रथम त्याच्या मनात होते, पण कथा अधिक खोल रुतेल असे ठरवून त्याने ती लिहिली. कारकुनास नाताळाची एक दिवसाची भरपगारी सुटी देताना कुरकुरणारा तिच्यातील कृपण सावकार आता इंग्रजी भाषेत म्हणच होऊन बसला आहे. यानंतर सुटीचा हक्कही हळूहळू कायद्यात उतरला: अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारने १८७०मध्ये, तर इंग्लंडात १८७१च्या कायद्याने नाताळाच्या दुसऱ्या दिवसाचीही सुटी मिळाली. खेळणी व पत्रे विकून व्यापाऱ्यांनी पैसा मिळविला हे खरे. पण दारूच्या गुत्त्यात जाणारा पैसा मुलाच्या हातात जाऊ लागला, हेही त्या जमाखर्चात मांडले पाहिजे.

हसऱ्या म्हाताऱ्याच्या मागे उभा असलेला मूळ पुरुष आमच्या वाचकांस विशेष जवळचा वाटेल. संत निकोलस हा चौथ्या शतकातील मायरा गावचा धर्माध्यक्ष; हे स्थळ आजच्या तुर्कस्तानात आहे. त्याची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका अशी की, एका कंगाल झालेल्या गृहस्थास तीन उपवर मुली होत्या व हुंड्यास पैसा नसल्यामुळे त्यांस विकण्याची पाळी आली होती. निकोलसाने एकेका मुलीसाठी सोन्याची एकेक थैली रात्री गुपचूप खिडकीतून आत टाकली. आज लहान मुले ज्याच्या भेटीची वाट पाहतात त्या सांताक्लॉजच्या पोतडीत पहिली वस्तू होती ती हुंड्याची रक्कम! आमच्या दुकानांतून लाल टोप्या विकत घेणाऱ्यांपैकी हे किती जणांस ठाऊक असेल? आणि ठाऊक झाल्यावर हुंडा देणाऱ्या-घेणाऱ्याच्या मनास ते थोडे तरी बोचेल काय?

आमच्या देशाशी या सणाचा संबंध इंग्रजांहून जुना आहे. ‘नाताळ’ हा शब्दच पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला, त्याच्या मुळाशी लॅटिनमधील जन्मवाचक शब्द आहे, आणि रोमच्या त्या जुन्या पंचांगात सूर्याच्या जन्मदिवसास तोच लावलेला आहे. इराण्यांच्या ‘यल्दा’चाही अर्थ तोच, हे वाचकांस आठवत असेल. गोव्यात राहिलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ख्रिस्ताची कथा आमच्याच ओवीत बांधली. सुमारे अकरा हजार ओव्यांचे त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. गोव्यात नाताळास गोठ्याचा देखावा मांडतात, नेवऱ्या, दोदोल व बेबिंका करतात आणि शेजारच्या हिंदूंच्या घरी ताट पाठवितात. दिवाळीचा फराळ उलट वाटेने येतो. दुसरा प्रवाह मॅसॅच्युसेट्सहून आला. तेथील काँग्रिगेशनल मंडळीचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले व १८३१ साली अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास गेले. ज्या परंपरेने नाताळास पाच शिलिंग दंड केला, तिचेच हे वारस. आणि त्यांच्याच मराठी मिशनात पुढे नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्तीस अभंग, भजन व कीर्तन यांचा साज चढविला. परंपरा म्हणजे दगडावरची रेघ असे ज्यांस वाटते त्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

नाताळाची सुटी आमच्या सार्वजनिक आयुष्यातही निराळ्या रीतीने उपयोगी पडली. वकील, मास्तर व कारकून त्या आठवड्यात मोकळे असत. म्हणून राष्ट्रीय सभेची पहिली बैठक २८ डिसेंबर १८८५ रोजी मुंबईस भरली व पुढेही पुष्कळ वर्षे अधिवेशने याच दिवसांत झाली. न्यायमूर्ती रानडे यांनी १८८७पासून चालविलेली सामाजिक परिषद तिच्या जोडीने भरे. विधवांचे पुनर्विवाह व केशवपन हे तिच्या चर्चेतले नेहमीचे विषय. १८९५ साली पुण्यात तिला राष्ट्रीय सभेचा मंडप मिळू नये म्हणून केवढे रण माजले, हे इतिहास जाणणारांस सांगावयास नको. आणि २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचे दहन झाले. परक्यांच्या सणाची सुटी आमच्या विचारी पुरुषांनी आपल्या घरातील अंधार मोजण्यात घालविली, हा आमच्या मते तिचा सर्वांत चांगला उपयोग होय.

आता खुद्द आमच्या मध्यहिवाळ्याच्या सणाकडे, म्हणजे मकरसंक्रांतीकडे येतो. उत्तरायण लागते तो दिवस संक्रांतीचा असे आम्ही लहानपणापासून ऐकतो. पण सूर्य प्रत्यक्ष उत्तरेस वळतो तो २१-२२ डिसेंबरास. आमची संक्रांत येते १४ किंवा १५ जानेवारीस. हे अंतर पडले कसे? अयनबिंदू तारकांच्या मानाने मागे सरकत असतो आणि सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाचा फरक पडतो. सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडत. आज चोवीस दिवसांचे अंतर आहे. हा फरक अर्वाचीन काळातही दिसतो: स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, पण ती तारीख होती १२ जानेवारी १८६३. वराहमिहिराने सहाव्या शतकातच सांगून ठेवले आहे की, अयन पूर्वी निराळ्या ठिकाणी होत असे, आता ते सरकले आहे, व खात्री प्रत्यक्ष पाहूनच करावी. युरोपातही हेच दुखणे होते. जुन्या रोमन पंचांगात २५ डिसेंबर हाच अयनदिन मानीत. वर्षाचे मान किंचित चुकीचे असल्यामुळे अयन हळूहळू मागे सरकले. १५८२ साली पोप तेरावा ग्रेगरी याने दहा दिवस गाळून ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर आणला. इंग्लंडाने हे १७५२ साली मानले. युक्रेन देशाने नाताळाची सरकारी सुटी ७ जानेवारीवरून २५ डिसेंबरास आणली ती २०२३ साली! आमच्या येथे मेघनाद साहा यांच्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग सुरू झाले. त्यात पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबर, म्हणजे खऱ्या अयनास धरून आहे. पण ते सरकारी कागदांवरच राहिले.

संक्रांत डिसेंबरात आणा असा आग्रह आम्ही धरीत नाही. तिळगूळ तीन आठवडे उशिरा वाटल्याने कोणाचे नुकसान होत नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. ज्या सणाची तिथीच आपल्या मूळ अर्थापासून चोवीस दिवस सरकली तरी धर्म बुडाला नाही, त्या सणातील एखादी चाल माणुसकीसाठी थोडी बदलली तर धर्म बुडतो कसा?

ही चाल कोणती हे वाचक ओळखून असतील. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू होते. स्त्रिया नटूनथटून जमतात, सुगडे पूजतात, वाण लुटतात, गोड बोलण्याची शपथ घेतात. आणि त्याच घरात, माजघरात किंवा स्वयंपाकघरात, तिळाचे लाडू जिने वळले ती सासू, नणंद किंवा वहिनी, नवरा वारला एवढ्याच अपराधासाठी बाहेर येत नाही. तिच्या हातचा लाडू चालतो. तिच्या कपाळास बोट लावलेले चालत नाही! तीळ घ्या, गूळ घ्या, गोड बोला, हे सर्वांस सांगणारा सण तिच्याशी मात्र अबोला धरतो. रोमन धनी निदान आठ दिवस तरी गुलामास पंक्तीस घेई. आम्ही वर्षभर जिच्याबरोबर जेवतो तिला नेमके सणाच्या दिवशी पंक्तीतून उठवितो. मग अधिक कठोर कोण?

कोणी म्हणेल, तिला स्वतःलाच यावयाचे नसते. ठीक, तिला एकदा मनापासून बोलावून तर पाहा! न बोलावलेल्या माणसाच्या नकाराचा दाखला देणे हा न्याय नव्हे. कोणी म्हणेल, चाल फार जुनी आहे. चाल जुनी आहे एवढ्याने ती बरी ठरत नाही, आणि ती बदलता येत नाही असेही ठरत नाही. पाच शिलिंगांच्या दंडापासून मुलांच्या खेळण्यांपर्यंत नाताळाने केलेला प्रवास वर सांगितलाच आहे. कोणी म्हणेल, हे शहरी सुशिक्षितांचे खूळ आहे. त्यास कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावाने उत्तर दिले आहे. मे २०२२ मध्ये त्या गावच्या ग्रामपंचायतीने ठराव केला की, पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, जोडवी काढणे या प्रथा गावात बंद व्हाव्या. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने इतर ग्रामपंचायतींसही हा कित्ता गिरविण्याविषयी परिपत्रक काढले. एका खेड्यास जे सुचले ते आमच्या पेठांस व सोसायट्यांस सुचू नये काय?

म्हणून आमची सूचना अगदी लहान व घरगुती आहे. शहरांतील व्यापारी मंडळे, पतपेढ्या व महिला मंडळे संक्रांतीस सार्वजनिक हळदीकुंकू करतात व निमंत्रणपत्रिका छापतात. त्यांवर ‘सुवासिनींनी अगत्य यावे’ असे असते. त्या जागी ‘सर्व भगिनींनी अगत्य यावे’ असे छापावे. छापण्याचा खर्च एक पैशानेही वाढत नाही. घरी हळदीकुंकू असेल तर पहिले वाण घरातील पतिहीन वडील स्त्रीच्या हातून द्यावे. आणि दुकानातील नोकरांस, विशेषतः बायामाणसांस, सणाच्या संध्याकाळी लवकर घरी जाऊ द्यावे. डिकन्सच्या कृपण सावकारास पुस्तकाच्या अखेरीस जे सुचले ते आमच्या गृहस्थांस आरंभीच सुचेल अशी आम्हांस उमेद आहे.

नाताळ चोरीचा की स्वतःचा, पाळावा की टाकावा, हा वाद ज्यांस रुचतो त्यांनी खुशाल घालावा. आमच्या मते कोणत्याही सणास विचारण्याजोगा खरा प्रश्न असा की, त्या दिवशी घरातील सर्वांत दुबळे माणूस कोठे बसलेले असते. संक्रांतीस अजून काही दिवसांचा अवकाश आहे. तेवढ्या अवकाशात प्रत्येक वाचकाने आपल्या माजघरात एकदा डोकावून पाहावे आणि तेथे जी कोणी बसली असेल तिला स्वतः जाऊन बोलवावे.